आत्याचं कुत्रं आणि चुकलेला रिसर्च क्वेश्चन

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला आत्याचा फोन आला. "अगं, तू एवढी जनावरांवर पीएचडी करतेस, मग एक सांग. शेफर्ड घेऊ का डॉबरमन? पाहुण्यांकडं शेफर्डचं पिल्लू आहे, बारा हजार म्हणतायत. रविवारपर्यंत सांगायचंय."

आत्या जुन्नर तालुक्यात राहते. वस्ती उसाला लागून. दोन गायी, सहा शेळ्या, त्यांची करडं, पंधरा-वीस कोंबड्या. दीड वर्षात तिची दोन कुत्री बिबट्याने नेली. पहिलं मोकळं असायचं, एका पहाटे दिसलंच नाही. मग दुसरं आणलं आणि हे जाऊ नये म्हणून गोठ्याच्या दाराशी साखळीने बांधलं. दोन महिन्यांनी सकाळी तिथे साखळी आणि नुसता पट्टा होता. फूफाजी म्हणाले आता कुत्रं नकोच. आत्या म्हणते कुत्र्याशिवाय वस्तीवर झोप लागत नाही. दोघांचंही बरोबर आहे, हीच तर अडचण.

मी काय केलं? तुम्ही जे केलं असतं तेच. 'बेस्ट गार्ड डॉग' असं सर्च केलं. तासाभरात माझ्याकडे चौदा जातींची यादी होती आणि आत्याला सांगण्यासारखं एक वाक्य नव्हतं. तेव्हा लक्षात आलं की दर आठवड्याला ज्युनियर्सना मी जे ऐकवते ते मलाच लागू होतंय: उत्तर सापडत नसेल तर आधी प्रश्न तपासा.

हा लेख म्हणून लिहितेय. तुमच्यापैकी बरेच जण 'पेट'ची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहिताय. रिसर्च क्वेश्चन म्हणजे नेमकं काय, हे पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा आत्याच्या कुत्र्यावरून लवकर कळेल असं मला वाटतं.

"कुठल्या जातीचं कुत्रं घेऊ?" या प्रश्नात एक गृहीतक लपलंय. राखण चांगली होणं न होणं जातीवर ठरतं, असं आपण न तपासताच धरून चाललोय. ते कुणी तपासलंय का? तपासलंय, आणि तेही चाळीसेक वर्षांपूर्वी.

अमेरिकेत १९७०च्या दशकात कोयोटे मारायला वापरल्या जाणाऱ्या विषांवर बंधनं आली आणि मेंढपाळ दुसरे उपाय शोधू लागले. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजचे रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या जोडप्याने तुर्कस्तान, इटली, युगोस्लाव्हिया इथून राखणीच्या कुत्र्यांची पिल्लं आणली आणि ती शेतकऱ्यांना देऊन वर्षानुवर्षं त्यांची नोंद ठेवली. त्याच सुमारास आयडाहो राज्यात ड्युबॉइस इथल्या सरकारी मेंढी-संशोधन केंद्रात जेफ्री ग्रीन आणि रॉजर वुडरफ हेच काम करत होते. या दोघांनी १९८८ साली सातशेहून जास्त कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा करून जातींची तुलना छापली. निष्कर्ष असा की यशाच्या प्रमाणात जातींमध्ये लक्षणीय फरक नाही. नर-मादीतही नाही. फरक दिसला तो दुसरीकडे: ग्रेट पिरेनीज जातीची कुत्री माणसांना कमी चावली. घरात लहान मुलं असतील तर ही माहिती राखणीच्या आकड्यापेक्षा जास्त कामाची आहे, पण जाहिरातीत ती कुणी लिहीत नाही.

इथे एक मिनिट थांबा. "जातीने फरक पडत नाही" असं हा पेपर म्हणतो का? नाही म्हणत. तुलना झाली ती राखणीच्याच जातींची आपापसात. पिरेनीज, कोमोंडोर, आकबाश, अनातोलियन ही सगळी शेकडो वर्षं मेंढरांत वाढलेली घराणी. शेफर्ड आणि डॉबरमन त्या यादीत नाहीतच. पेपर वाचताना निष्कर्षाइतकंच तुलना कुणाकुणात होती हे वाचायची सवय लावा. व्हायव्हाला हमखास विचारतात.

मग शेफर्डचं काय? यासाठी कॉपिंजर जोडप्याची एक मांडणी उपयोगी पडते. शिकारी प्राण्याची शिकार ही एक साखळी असते: नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, चावा, ठार मारणं. माणसाने वेगवेगळ्या कामांसाठी कुत्री निवडताना या साखळीतल्या वेगवेगळ्या कड्या ठेवल्या किंवा दाबल्या. मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांत नजर, दबा आणि पाठलाग टिकवला, चावा दाबला. राखणीच्या कुत्र्यांत ही सगळी साखळीच मंद झालेली असते. ते कळपात आडवं पडून राहतं, काही वेगळं दिसलं की उठून भुंकतं, मध्ये येऊन उभं राहतं. लांडग्याशी कुस्ती खेळणं हे त्याचं काम नव्हेच. त्याच्या असण्याने आणि भुंकण्याने शिकारीचा बेत मोडतो, बस.

जर्मन शेफर्ड मूळचं हाकणारं कुत्रं. हुशार, मालकाकडे सतत लक्ष असलेलं. आत्याच्या करडांच्या मागे ते धावणारच, कारण धावणं त्याच्यात ठेवलेलं आहे. आपल्याकडच्या कारवानचंही तसंच. सुंदर कुत्रं, पण नजरेने शिकार हेरून पळत गाठणारं. कोंबड्या मोकळ्या असलेल्या वस्तीवर पहिलं वर्ष अवघड जाईल. आणि कुणी यूट्यूब पाहून तुर्की कांगाल आणायचं म्हणत असेल, तर पन्नासेक किलोचा जीव, जाड केस, मे महिन्याचं ऊन आणि रोजचं खाणं यांचा हिशोब आधी करावा.

जातीइतकीच, माझ्या मते तिच्याहून जास्त, महत्त्वाची गोष्ट म्हणजे पिल्लू कुणात वाढलं. हे डार्विननेसुद्धा टिपलंय. 'बीगल'च्या सफरीत १८३३च्या सुमारास आत्ताच्या उरुग्वेमध्ये त्याने मेंढ्यांची कुत्री पाहिली. मैलोन्‌मैल माणूस नाही आणि कळपासोबत एकदोन कुत्री. हे घडवतात कसं, तर पिल्लू अगदी लहानपणी आईपासून वेगळं करतात, दिवसातून तीनचार वेळा मेंढीला पाजायला लावतात, झोपायला लोकरीचं अंथरूण, इतर कुत्र्यांत मिसळू देत नाहीत. पुढे स्कॉट आणि फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बरला वर्षानुवर्षं प्रयोग करून १९६५ साली पुस्तक काढलं. त्यात पिल्लाचं साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातलं वय नाती जुळण्याचं असतं हे पद्धतशीर मांडलं गेलं. त्या काळात ज्याच्या अंगाला अंग लावून ते झोपलं, ते त्याचे. आपल्या धनगरांना हे पेपर वाचावे लागले नाहीत. वाड्यावरचं पिल्लू मेंढरांच्या वाघरीशेजारीच जन्मतं आणि कोकरांत लोळत मोठं होतं.

म्हणजे प्रश्न बदलला. "कुठली जात?" याच्या जागी "कुठे जन्मलेलं, कुणात वाढलेलं, कुठल्या आठवड्यात आणलेलं पिल्लू?" असा झाला. आधीपेक्षा बरा, पण अजून पुरा नाही. 'चांगलं' म्हणजे काय ते ठरलेलं नाही ना.

कॉपिंजर जोडप्याने तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. कुत्रं कळपाजवळ राहतं का. कळपाला त्रास देत नाही ना. आणि धोका आला की आडवं येतं का. तुम्ही म्हणाल तिसरी मोजली की झालं. पण शेळीचा कान चावणारं कुत्रं लांडगा कितीही पळवो, उपयोग काय? आणि कळप सोडून गावात हिंडणारं कुत्रं आडवं येणार कुठून? तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'परिणामकारकता' हा शब्द असेल तर तो असाच फोडून दाखवा. नाहीतर गाईड पहिल्याच भेटीत विचारतील, "म्हणजे नक्की काय मोजणार?"

आता माझा आवडता भाग. नामिबियात चित्ता संवर्धनाचं काम करणाऱ्या लॉरी मार्कर यांनी १९९४ पासून शेतकऱ्यांना अनातोलियन कुत्री द्यायला सुरुवात केली. हेतू असा की जनावरं वाचली तर शेतकरी चित्ते मारणार नाहीत. २००५ साली त्यांचा पेपर आला. ७३ टक्के शेतकऱ्यांनी सांगितलं की कुत्रं आल्यापासून नुकसान खूप कमी झालं. ऑस्ट्रेलियात व्हॅन बॉमेल आणि जॉन्सन यांनी २०१२ साली दीडशे पशुपालकांचा अभ्यास छापला. सुमारे ६६ टक्के म्हणाले हल्ले थांबलेच, आणखी ३० टक्के म्हणाले कमी झाले. आकडे बघून मी आत्याला फोन लावणारच होते.

मग नामिबियाच्या पेपरचं शीर्षक पुन्हा वाचलं. त्यात 'परिणामकारकता' नुसती नाहीये, 'जाणवलेली परिणामकारकता' आहे. लेखकांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की ही शेतकऱ्यांची भावना आहे, मेलेल्या जनावरांची मोजणी नव्हे. भावना खोटी असते असं मी म्हणत नाही. पण विचार करा, माणूस कुत्रं कधी आणतो? ज्या वर्षी नुकसान फार झालं त्या वर्षी. वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेक वेळा जरा बरंच जातं, कुत्रं आणा किंवा नका आणू. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. शिवाय ज्याने पैसे खर्चून कुत्रं आणलं तो त्याच महिन्यात कुंपणही नीट करतो, दिवाही लावतो. मग फायदा कुणाचा, कुत्र्याचा का कुंपणाचा? आणि तिसरं म्हणजे मेलेल्या कुत्र्यांचं मत सर्व्हेत येत नाही. ही गंमत नाही. राखणीची कुत्री फार लवकर मरतात, गाडीखाली येतात, गोळीला बळी पडतात. यावर कॉपिंजर यांच्या गटाने १९८६ साली वेगळा पेपरच लिहिला होता. आज ज्याच्याकडे कुत्रं जिवंत आहे फक्त त्यालाच विचारलंत, तर उत्तर गोडच येणार.

यातून बाहेर पडायचा रस्ता काय? तुलनेसाठी कुत्रं नसलेली शेतं हवीत. अमेरिकेत मिशिगनच्या उत्तर भागात गेरिंग आणि सहकाऱ्यांनी २०१० साली हे केलं. सहा गोपालकांना पिरेनीज कुत्री दिली, तीन शेतं कुत्र्याविना ठेवली, आणि लांडगे-कोयोटे कुरणात येतात किती ते खुणांवरून मोजलं. कुत्रं असलेल्या शेतांवर येणं घटलं. नऊच शेतं, हसू नका. शेतकऱ्याला "तुला कुत्रं नाही, तू कंट्रोल" असं सांगून बघा एकदा, मग कळेल नऊ किती होतात ते.

प्रयोग जमत नसेल तर केस-कंट्रोल आहे. केनियात लायकिपिया भागात रोझी वुडरोफ आणि सहकाऱ्यांनी (२००७) हल्ला झालेले कळप आणि न झालेले कळप यांची तुलना केली. दिवसा धोका सगळ्यात कमी कुठे? छोटा कळप, सोबत माणूस आणि कुत्रं, चरायला मोकळं रान. रात्री? दाट भिंतीचा, कमी फाटकांचा वाडा, जिथे माणसं आणि कुत्री दोन्ही आहेत. बघा, कुत्रं दोन्ही उत्तरांत आहे, पण एकटं कुठेच नाही.

एवढं वाचून झाल्यावर मी खूश होते. मग मध्येच एक साधी गोष्ट आठवली आणि सगळं वाचन बाजूला ठेवावं लागलं. कोयोटे, लांडगे, चित्ते. आत्याकडे यातलं काहीच येत नाही. तिच्याकडे येतो बिबट्या, आणि आपल्याकडच्या बिबट्याचं कुत्र्याशी नातं वेगळंच आहे.

विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात वर्षानुवर्षं काम केलंय. हा काही जंगलाचा भाग नाही. ऊस, मका, वस्त्या, चौरस किलोमीटरमागे तीनशेहून जास्त माणसं. अशा ठिकाणी त्यांना शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या गटाने बिबट्यांची विष्ठा गोळा करून त्यातल्या केसांवरून भक्ष्य ओळखलं आणि त्यावरून खाल्लेल्या मांसाचं वजन काढलं. २०१६ साली छापून आलेल्या या पेपरनुसार बिबट्याच्या खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव आणि माणसाच्या आसऱ्याने राहणाऱ्या प्राण्यांचा होता. त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या तिथे कुत्र्यांच्या सातपट, पण खाण्यात त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास.

का? लेखकांनी दिलेलं कारण आत्याच्या अंगणातलंच आहे. शेळ्या रात्री आत कोंडलेल्या असतात, कुत्री बाहेर असतात.

हा आकडा कसा वाचायचा तेही सांगते, कारण बातम्यांत तो नेहमी चुकतो. बिबट्या ३९ टक्के कुत्री खातो असं नाही. तो जे खातो त्याच्या वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आहे. शिवाय विष्ठेतल्या केसावरून कुत्रं पाळलेलं होतं का भटकं ते कळत नाही. आणि आपल्याला हवा तो प्रश्न, म्हणजे कुत्रं असल्यामुळे शेळी वाचते का बिबट्या वस्तीकडे जास्त ओढला जातो, याला हा पेपर हात लावत नाही. लावायचा त्याचा हेतूही नव्हता. दोन्ही शक्यता खऱ्या असू शकतात. भुंकण्याने माणूस जागा होतो, दिवा लागतो, बिबट्या निघून जातो. किंवा भुंकण्याने बिबट्याला नेमकी जागा कळते. कुणाला विषय हवा असेल तर घ्या. पाचशे वस्त्या, दोन वर्षं, कुत्रं आहे-नाही, रात्री कुठे झोपतं, गोठा कसा आहे. मी वाचायला तयार आहे.

आत्याच्या दुसऱ्या कुत्र्याचा विचार त्या रात्री फार आला. दाराशी, साखळीने, रात्रभर. पळता येत नाही, आत शिरता येत नाही. आम्ही त्याला राखणीला ठेवलंय असं समजत होतो. तो पट्टा मीच दिवाळीला पुण्याहून नेला होता.

रविवारी आत्याला जे सांगितलं ते असं. आधी गोठा. खिडक्यांना आणि वरच्या मोकळ्या भागाला जाड जाळी, दाराला आतून-बाहेरून कडी, पत्र्याची फट बंद. बारा हजार आधी तिथे खर्च कर. कुत्रं घे, पण शेफर्ड नको. पलीकडच्या वस्तीवर धनगरांचा वाडा दरवर्षी मेंढरं बसवायला येतो, त्यांच्याकडे विचार, नाहीतर शेळ्या असलेल्या घरातलं गावठी पिल्लू बघ. आई कामाची आहे का बघ, कोंबडीमागे धावते का बघ. आठ आठवड्यांचं झालं की आण आणि पहिल्या दिवसापासून करडांच्या शेजारी ठेव. सहा-सात महिन्यांचं झालं की ते करडांशी धसमुसळं खेळेल, तेव्हा हाकलून देऊ नकोस, लक्ष ठेव. पक्कं व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. आणि रात्री ते गोठ्याच्या आत. आतून भुंकलं तरी तुला ऐकू येतंच की.

"आत झोपलं तर राखण कसली?" आत्या म्हणाली. मी म्हटलं, "आत्या, दात लांडग्यासाठी. बिबट्यासाठी आपल्याला फक्त त्याचे कान हवेत." ती गप्प बसली. पटलं का रागावली, फोनवर कळलं नाही.

लशींचं मात्र तिने लगेच ऐकलं. रेबीज तर हवीच, डिस्टेंपर आणि पार्व्होचीही द्यायची. हे फक्त आपल्या कुत्र्यासाठी नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर अबी वनक, अनिरुद्ध बेलसरे आणि सहकाऱ्यांनी गावातल्या कुत्र्यांचं आणि खोकडांचं रक्त तपासलं, तेव्हा या विषाणूंचा वावर कुत्र्यांत मोठ्या प्रमाणावर आढळला. २०१८ साली गीरमध्ये सिंह गेले त्यातही डिस्टेंपरचा हात होता. नसबंदीचंही तेच. पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ साली जनुकीय तपासणीतून सिद्ध झालंय. मोकळं सोडलेलं आपलं कुत्रं रानाच्या हिशोबातही मोजलं जातं.

आणि एक वही ठेवायला लावली. शंभर पानी, साधी. तारीख, रात्री कुत्रं भुंकलं का, किती वाजता, सकाळी पाऊलखुणा दिसल्या का, जनावरं किती. कुत्रं यायच्या आधीपासून लिहायचं, हे मी तीनदा सांगितलं. आधीचा डेटा नसेल तर नंतरच्या डेटाला काही अर्थ राहत नाही. तुमच्या फील्डवर्कलाही हेच लागू आहे, आणि मी पहिल्या वर्षी नेमकी हीच चूक करून सहा महिने घालवलेत.

काल फूफाजींनी वहीच्या पहिल्या पानांचे फोटो पाठवले. जाळी बसलीये. कुत्रं अजून यायचंय, वाड्यावरच्या मादीला पिल्लं झालीत, तीन आठवड्यांची आहेत. वहीत अकरा नोंदी आहेत. त्यातल्या नऊ ठिकाणी आत्याने नुसतं 'काही नाही' लिहिलंय. बाराव्या दिवसाची जागा रिकामी आहे, शेजारी फूफाजींच्या अक्षरात: 'लाईट नव्हती. कळलं नाही.'